फोनराव आणि आईची खोली

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (घरात सध्या आडवं पडण्याइतकी स्वच्छ जमीन नाही, त्यामुळे तो उभ्यानेच केला आहे. चालवून घे.)

तू बरी आहेस ना? भावोजींचा गुडघा काय म्हणतो? आधी त्यांनी जिना चढणं सोडलं, मग उतरणं सोडलं, आणि आता ऐकतो की ते खुर्चीतूनच उठत नाहीत. हे दुखणं गुडघ्याचं आहे की टीव्हीचं, याबद्दल मला पहिल्यापासून शंका आहे, पण ते वडीलधारे आहेत म्हणून लिहीत नाही. आईचा खोकला गेला का? ती नीट जेवते ना? नीटच जेवत असणार. तुझ्या हातचं तिला किती आवडतं हे ती मला प्रत्येक फोनवर सांगते, आणि प्रत्येक वेळी ही (म्हणजे तुझी भावजय) माझ्या शेजारीच उभी असते. इकडे सर्व क्षेम आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. तसं ते नाही, हे तुला पुढे कळेलच. हे सगळं फोनवर का सांगत नाही, असं तुला वाटेल. पण फोनवर मी मुद्द्यावर आलो रे आलो की तू ‘थांब, आईशी बोल’ म्हणून फोन तिच्या हातात देतेस, आणि मुद्दा तुझ्याशीच बोलायचा आहे.

तुला बरंचसं माहीत आहे, तरी पहिल्यापासून सांगतो, कारण त्याशिवाय माझा संशय कुठून निघाला आणि कुठे पोचला ते समजणार नाही. आईला जिना चढवेना, म्हणून खालच्या मजल्यावरची अडगळीची खोली तिच्यासाठी नीट करायची, तिला लागून बाथरूम काढायचं, आणि काम होईपर्यंत तिने तुझ्याकडे राहायचं, असं आपण ठरवलं. (म्हणजे तू ठरवलंस, मी हो म्हणालो.) ठेकेदारही तूच सुचवलास. तुझं स्वयंपाकघर त्यांनीच करून दिलं होतं. तू काही बघू नकोस, सगळं त्यांच्यावर सोड, हे तुझे शब्द. ताई, ज्या माणसाबद्दल ‘तू काही बघू नकोस’ असं सांगितलं जातं, त्याच्याकडे मी सगळ्यात आधी बघतो. हा माझा स्वभाव आहे आणि तो तुला लहानपणापासून ठाऊक आहे.

ते पहिल्या दिवशी आले तेव्हा मला वाटलं, गाडीतून हत्यारांची पेटी निघेल. निघाला एक फोन, आणि दुसऱ्या खिशातून आणखी एक फोन. इस्त्रीचा शर्ट, पायात पॉलिश केलेले बूट. त्यांनी अडगळीची खोली पाहिली, बोटाच्या पेराने भिंतीवर टकटक केलं, ‘हं’ म्हणाले, बाहेर अंगणात जाऊन कुणाशी तरी बराच वेळ बोलले आणि निघून गेले. ते गेल्यावर मीही त्याच जागी टकटक केलं. भिंतीसारखी भिंत होती. मी त्यांचं मनातल्या मनात फोनराव असं नाव ठेवलं, आणि तेव्हापासून या घरात दुसऱ्या कुठल्या नावाने त्यांचा उल्लेख झालेला नाही. (तोंडावर ‘साहेब’ म्हणतो. तेही मला ‘साहेब’ म्हणतात. दोघेही एकमेकांना ओळखून आहोत.)

मला एकच प्रश्न पडला होता, आणि तो मी हिला रोज विचारत असे: हा माणूस करतो काय? भिंत गवंडी फोडतो, नळ प्लंबर बसवतो, फरशी फरशीवाला घालतो, दार सुतार करतो, दिव्याचं वायरमन बघतो, आणि सगळ्यांनी केलेल्या चुका शेवटी रंगारी झाकतो. मग फोनराव काय करतात? ते येतात. ही म्हणाली, ते सगळ्यांना आणतात. आता माणसं आणायला काय लागतं? मी म्हटलं, आणायचं काम टेम्पोही करतो, म्हणून कुणी टेम्पोला साहेब म्हणत नाही. यावर तिने पोळपाट जरा जोरात ठेवला, आणि मी विषय मनात पुढे चालू ठेवला.

मग मी पाळत ठेवायचं ठरवलं. खोलीच्या दाराशी एक रिकामी बादली पालथी घालून त्यावर वर्तमानपत्र घेऊन बसू लागलो. वर्तमानपत्र नावाला, सगळं लक्ष आत. डोळ्यांत तेल घालून बसलो असं म्हणणार होतो, पण प्रत्यक्षात सिमेंट जात होतं. माझ्या लक्षात एक गोष्ट आली. या सगळ्या माणसांना एकमेकांबद्दल सगळं ठाऊक असे. गवंड्याला माहीत असे की प्लंबर परवा येणार. प्लंबरला माहीत असे की सुताराचं लाकूड अजून वखारीतच आहे. आणि मला, ज्याच्या घरात हे चाललं होतं त्याला, आज दुपारी चहाला किती माणसं आहेत याचाही पत्ता नसे. माणसं एकमेकांच्या इतकी आतल्या गोटातली असतील, तर त्यात काहीतरी काळंबेरं असलंच पाहिजे. शिवाय मी जवळ गेलो की ते बोलणं थांबवत. (ही म्हणते, मी जवळ जाऊन प्रश्न विचारतो म्हणून थांबवतात. असेल.)

त्यातच पाण्याचं प्रकरण झालं. एका सकाळी उठून बघतो तर आईच्या नव्या बाथरूममध्ये घोट्याएवढं पाणी! पाणी जायच्या भोकात चिंधीचा बोळा कोंबलेला, आणि घरात कामकरी एकही नाही. मी म्हटलं, बघा, बोळा काढायला विसरले आणि गेले. मी पँट दुमडली, बोळा काढला, सगळं पाणी जाऊ दिलं, वर फडक्याने कोरडं पुसूनही घेतलं, आत कचरा जाऊ नये म्हणून बोळा परत कोंबला आणि समाधानाने बादलीवर जाऊन बसलो. संध्याकाळी फोनराव आले. कोरडी जमीन बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी लगेच फोन करून गवंड्याला बोलावलं, दोघं ओणवे होऊन कोपरे चाचपू लागले, आणि पाणी कुठून झिरपलं ते शोधायला गवंड्याने छिन्नी-हातोडा काढला. ते पाणी मुद्दाम भरून ठेवलं होतं म्हणे, खाली मुरतं का ते बघायला. हातोडा वर गेला तेव्हा मी घसा खाकरला आणि काय झालं ते सांगितलं. फोनरावांनी बोळा आणखी घट्ट केला, पाणी परत भरलं, आणि त्या दिवसापासून बाथरूमच्या चौकटीला आडवी दोरी बांधायला सुरुवात केली. माझ्याच घरात, ताई. मला त्या दोरीचा फार राग आला.

आणि मग माझी संधी चालून आली. फोनरावांच्या पुतणीचं लग्न निघालं आणि ते गावी गेले. जाताना म्हणाले, मी येईपर्यंत काम बंद ठेवा. आता तूच सांग, एखादा माणूस आपल्यामागे काम बंद ठेवायला सांगतो, ते कशासाठी? त्याच्याशिवायही काम होतं हे उघडकीला येऊ नये म्हणून. मी सगळ्यांचे नंबर आधीच मिळवून ठेवले होते. सगळ्यांना परस्पर बोलावलं. आणि एक नियम केला, ज्याचा मला तेव्हा फार अभिमान वाटला होता: कामावर कुणी कुणाशी बोलायचं नाही. जे काय विचारायचं ते मला विचारायचं. फरशीवाला आला की सुताराला दुसऱ्या खोलीत बसवायचं, आणि प्लंबर जिन्यावर असेल तर वायरमनने अंगणात थांबायचं. त्यांची आपसातली हातमिळवणी एकदा मोडली की काम कसं झपाट्याने होतं, ते मला फोनरावांना आल्या आल्या दाखवायचं होतं.

झपाट्याने झालं, यात वाद नाही. सुताराने बाथरूमच्या चौकटीवरून माप घेतलं आणि दार करून आणलं. तोवर फरशीवाल्याने जमिनीला उतार हवा म्हणून खाली भर टाकून फरशी बरीच उंच घेतली. तो ते सुताराला सांगायला निघाला होता, मी त्याला वाटेत अडवला. त्यामुळे दार आता हातभर उघडतं आणि फरशीला टेकून थांबतं. वायरमनने दिव्याचं बटण लावलं ते नेमकं दार जिकडे उघडतं त्या भिंतीवर, कारण दार कुठल्या बाजूचं आहे हे त्याने मला विचारलं होतं आणि मी ठामपणे चुकीचं सांगितलं होतं. रंगाऱ्याला रिकामं बसायचं नव्हतं म्हणून तो सगळ्यांच्या आधीच रंगवून गेला, आणि त्या ओल्या रंगावर फरशी कापल्याची धूळ बसली ती कायमची. सगळ्यात वाईट झालं ते आईने धरायच्या दांड्याचं. प्लंबरने मला विचारलं होतं, दांडा कोणाच्या उंचीला लावायचा? मला वाटलं, याला आमच्या घरातल्या माणसांची चौकशी कशाला? मी म्हटलं, तुम्हाला काय करायचंय? तर त्याने तो आपल्या खांद्याला येईल असा लावला. प्लंबर चांगला उंच आहे. आईने तो धरायचा म्हटलं तर तिला लोंबकळावं लागेल.

फोनराव परत आले. अर्धवट उघड्या दारातून अंग आडवं करून आत गेले, आत बराच वेळ उभे राहिले आणि तसेच आडवे होऊन बाहेर आले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं, कारण मग मलाही ओरडता आलं असतं. पण ते अंगणात गेले आणि फोनवर फोन करत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी गवंडी, प्लंबर, फरशीवाला, सुतार, वायरमन, रंगारी, सगळे एकदम हजर. हिने मोठ्या पातेल्यात चहा टाकला. फोनरावांनी सगळ्यांना त्या खोलीत भिंतीला पाठ लावून उभं केलं आणि प्रत्येकाला एकच गोष्ट विचारली: तुझ्या आधी कोण, आणि तुझ्यानंतर कोण? ऐकायला सोपं वाटतं, पण त्यावरून अशी काही जुंपली! रंगारी म्हणाला, माझ्यानंतर कुणी नाही. वायरमन म्हणाला, तुझ्यानंतर बटणं लावायला मी. रंगारी म्हणाला, तरीच प्रत्येक घरी माझ्या भिंतीवर काळी बोटं उमटतात. सुतार आणि फरशीवाला तर आपापलं माप हातात धरून थेट दारापाशी जाऊन बसले. आणि बोलता बोलता, कोणी काय तोडायचं आणि कोणी त्याच्यासाठी थांबायचं, हे सगळं चहा संपायच्या आत ठरून गेलं. मी दाराशी होतो. फोनरावांनी शेवटी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “साहेब, तुम्ही सगळ्यांच्या नंतर.”

मी बादली उचलली आणि अंगणात नेऊन ठेवली.

दांड्याचं मात्र पुढे काय झालं, तेही सांगतो. फोनरावांनी मला विचारलं, आईंच्या मनगटाची उंची जमिनीपासून किती? ताई, मला सांगता आलं नाही. हवेत हात धरून दाखवायला गेलो, तर तो हात मलाच कधी वर कधी खाली वाटायला लागला. शेवटी त्यांनी फोन काढला आणि तुझ्याकडे लावला. तू आईला भिंतीशी उभं करून माप सांगितलंस, आणि त्यांनी खडूने भिंतीवर रेघ मारली. ती रेघ माझ्या कल्पनेपेक्षा बरीच खाली होती. आई इतकी कधी वाकली, ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. माझ्या लक्षात आलं ते एवढंच, की फोनरावांनी तुझा नंबर शोधला नाही. तो त्यांच्या बोटांना पाठ होता. एका स्वयंपाकघराच्या कामावर कुणाचे नंबर इतके पाठ होत नाहीत, असं मला तेव्हाच वाटलं होतं.

माझा मूळ संशय मात्र मी प्रामाणिकपणे मागे घेतो. हा माणूस हाताने काही करत नाही, हे खरं. पण जे एकमेकांशी बोलत नाहीत त्यांना बोलायला लावणं हेच त्याचं काम आहे, आणि तो ते करतो. परंतु एक संशय गेला की त्याची जागा फार वेळ रिकामी राहत नाही. दार नीट उघडायला लागलं, बटण दुसऱ्या भिंतीवर आलं, दांडा खाली आला, आणि त्यानंतर काम एकदम मंदावलं. कुणी येईना. फोनरावांना विचारलं की म्हणत, भिंत अजून ओली आहे. मी भिंतीला हात लावून पाहिला, मग गाल लावून पाहिला. कोरडी ठणठणीत. मग म्हणायला लागले, सांधे अजून बसायचे आहेत. सांधे बसतात म्हणजे नेमकं काय होतं आणि ते कुठून बघायचं, हे विचारलं तर त्यांना नेमका त्याच वेळी फोन यायचा. मला वाटलं, त्यांनी दुसरं मोठं काम धरलंय. मग वाटलं, शेजारचे काहीतरी कान भरताहेत. मधे एकदा मला हिचाही संशय आला होता, कारण त्या खोलीत सकाळचं ऊन छान येतं आणि ही तिथे शिलाईचं मशीन ठेवून बघत होती. (नुसतं बघत होती म्हणाली.)

तर ताई, तूर्तास परिस्थिती अशी आहे. काम अडलेलं आहे, कधी संपेल सांगता येत नाही, आणि तोवर आईला तुझ्याकडेच ठेवून घ्यावं, ही विनंती. तुला त्रास होत असेल, पण इलाज नाही. भावोजींना नमस्कार सांग, आणि खुर्चीतून उठल्यास गुडघा वाकवून बघायला सांग. आईला साष्टांग नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. : परवा फोनराव आपला एक फोन आमच्या खिडकीत विसरून गाडीतून मोजपट्टी आणायला गेले. फोन वाजला. दुसऱ्याचा फोन उचलू नये हे मला कळतं, पण वर तुझा नंबर होता. मी उचलला आणि काही बोललो नाही. तू बोललीस. “अहो, तो घाई करेल, तुम्ही करू नका. त्याला सांगा भिंत ओली आहे. आईला इतक्यात पाठवायचं नाहीये मला.” एवढं ऐकल्यावर मी फोनवरच भांडायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण तुझ्यामागून आईचा आवाज आला. भावोजी तिला काहीतरी सांगत होते आणि ती हसत होती, मोठ्याने, मधेच खोकत आणि परत हसत. आमच्याकडे ती अशी शेवटची कधी हसली, ते मी आठवत राहिलो. फोन हातात तसाच राहिला. तू दोन-तीनदा ‘हॅलो’ म्हणालीस आणि ठेवलास.

पुन्हा ता. क. : वर काम अडलं आहे असं लिहिलं ते खोटं आहे. खोली होऊन गेली आहे. पडदे तेवढे राहिले होते, तेही लागलेत, पलंग खिडकीशी आहे, दांडा बरोब्बर रेघेवर आहे. तुझ्या फोननंतर मीच फोनरावांना सांगितलं, की काम संपलं हे कुणाला कळू देऊ नका. कारण काम चालू आहे तोवर आई कामासाठी तुझ्याकडे आहे. काम संपलं आणि तरी ती आली नाही, तर मग ती कशासाठी तिथे आहे, हे मला समजून घ्यावं लागेल. यावर फोनराव पहिल्यांदा माझ्यावर चिडले. म्हणाले, “साहेब, बहीण सांगते हळू करा, भाऊ सांगतो झालेलं लपवा. सुताराला आणि फरशीवाल्याला मी एका खोलीत उभं करीन. तुम्हा दोघांना उभं करणं माझ्या ठेक्यात नाही. आणि आईंना विचारलंय का कोणी?” ताई, मी नाही विचारलं. तूही विचारलं नसशील. तर तू विचार. मीच विचारलं असतं, पण मी विचारलं तर ती माझ्याकडे बघून ‘येते’ म्हणेल, आणि मला तिच्या मनातलं हवं आहे.

शेवटचं : हे पत्र खुद्द फोनरावच तुझ्या हातात देतील. तुमच्या बाजूला त्यांचं दुसरं काम निघालंय. (असं ते म्हणतात. मी खात्री करून घेणार आहे.) त्यांना चहा दे आणि आईला त्यांच्यासमोरच विचार, म्हणजे तू मधे काही फिरवणार नाहीस. त्यांच्या गाडीची मागची सीट मी रिकामी ठेवायला सांगितली आहे. ती रिकामीच परत आली तरी मी काही म्हणणार नाही. पण संध्याकाळपासून मी दारात उभा असेन.